परदेश प्रवास साध्या कुटुंबाच्याही आवाक्यात आहे

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील पर्यटनाचे लेख मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. परंतु ते लेख आणि त्यांच्या शेजारच्या जाहिराती वाचून मराठवाड्यातील वाचकाच्या मनात परदेश प्रवासाचे जे चित्र तयार होते, ते फार अपुरे आहे, असे मला मनापासून वाटते. युरोपातील बर्फाचे डोंगर, दुबईतील उंच इमारती, दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, सोबत मराठी जेवण आणि माणशी काही लाखांचा खर्च, एवढेच त्या चित्रात असते. ते पाहून साध्या निवृत्तिवेतनावर किंवा मध्यम शेतीवर जगणारा माणूस एक तर ‘हे आपले काम नाही’ म्हणून पान उलटतो, नाही तर कर्ज काढून जातो. या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे आणि तो आमच्यासारख्या कुटुंबांना परवडणारा आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी उदगीरची निवृत्त शिक्षिका आहे. यजमान सहकारी संस्थेत नोकरीला होते, घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. आम्ही नेपाळ आणि श्रीलंका हे देश स्वतः आखणी करून पाहिले आणि नंतर शाळेतील जुन्या सहकारी भगिनींबरोबर मी व्हिएतनामलाही जाऊन आले. यातील एकाही प्रवासासाठी कर्ज काढावे लागले नाही. आम्ही शिक्षिकांनी एक भिशी केवळ प्रवासासाठी चालवली, पोस्टात आवर्ती ठेव ठेवली आणि पैसे पुरेसे जमल्यावरच तिकिटे काढली. आमच्या भागात आज एका मध्यम साखरपुड्याला जो खर्च येतो, त्याहून आम्हा दोघांच्या नेपाळ प्रवासाचा खर्च कमी होता.

प्रथमच देशाबाहेर पडणाऱ्या माणसाने नेपाळपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाच्या ओळखपत्रावर जाता येते. विमानाने जाणार असल्यास मात्र पासपोर्ट किंवा हे मतदार ओळखपत्रच लागते. 15 ते 65 या वयोगटातील प्रवाशाचे आधार कार्ड तेथे ग्राह्य धरत नाहीत, हे अनेकांना विमानतळावर गेल्यावर कळते. मराठवाड्यातून खुष्कीचा मार्गही सरळ आहे. मनमाडहून गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, गोरखपूरहून बसने सुमारे तीन तासांत सुनौली येते आणि तेथील कमानीखालून माणूस पायी चालत दुसऱ्या देशात जातो. नेपाळी भाषा देवनागरी लिपीत लिहिली जात असल्यामुळे दुकानांच्या पाट्या, बसवरील गावांची नावे, देवळातील सूचना सारे काही आपल्याला वाचता येते. चलनाचा हिशेबही सोपा आहे. भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160 रुपये होतात आणि 1993 पासून हा दर स्थिर आहे. सोबत 100 रुपयांच्या नोटा ठेवाव्यात, त्या सीमेजवळच्या भागात सर्वत्र स्वीकारल्या जातात.

सुनौलीपलीकडे भैरहवा आणि तेथून 20-25 किलोमीटरवर लुंबिनी आहे. भगवान बुद्धांच्या या जन्मस्थानी सम्राट अशोकाने उभारलेला स्तंभ आजही उभा आहे आणि त्यावरील ब्राह्मी लिपीतील लेख 1896 मध्ये प्रकाशात आला. राज्याभिषेकाला 20 वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असा त्या लेखाचा आशय आहे. जुन्या ग्रंथांत राजाचा वाटा सहसा सहावा हिस्सा सांगितलेला आहे. आमच्यासोबत माझे धाकटे दीर होते. ते पूर्णवेळ शेतकरी आहेत आणि इतिहासाचे पुस्तक त्यांनी शाळा सुटल्यानंतर हातात घेतलेले नाही. मी लेखाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी ‘वहिनी, म्हणजे राजानं सारा कमी केला म्हणा की’ असे विचारले आणि नंतर कितीतरी वेळ ते कठड्याला टेकून त्या स्तंभाकडे पाहत राहिले. आम्हाला कोणत्याही बसमध्ये परत जाऊन बसायचे नव्हते, म्हणून त्यांना तेवढा वेळ मिळाला. समूह सहलीत लुंबिनीला जो थोडका वेळ देतात, त्यात मायादेवी मंदिर आणि छायाचित्रे एवढेच उरकते. तेथे निरनिराळ्या बौद्ध देशांनी बांधलेले विहार पायी किंवा भाड्याच्या सायकलवर सावकाश पाहायला दीड-दोन दिवस लागतात आणि त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

मराठवाड्याचे या प्रदेशाशी नातेही आहे. छत्रपती संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालय उभे करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1950 मध्ये श्रीलंकेतील बौद्ध परिषदेला गेले होते आणि नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. मिलिंदमध्ये शिकलेल्या कुटुंबांतील तरुणांनी तरी हा मार्ग एकदा स्वतः चालून पाहावा, असे मला फार वाटते.

काठमांडू खोऱ्यात राहण्यासाठी आम्ही गजबजलेल्या ठमेलऐवजी भक्तपूर निवडले आणि तो निर्णय फार चांगला ठरला. भक्तपूरच्या जुन्या शहराचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातील देशांच्या, नागरिकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा बरेच कमी आहे. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी निघून गेले की चौकातील लाकडी कोरीव कामाच्या खिडक्यांखाली शेजारपाजारची वृद्ध माणसे येऊन बसतात. मातीच्या वाडग्यात लावलेले तेथील ‘जुजू धौ’ हे घट्ट दही खाण्यासाठी आम्ही रोज एकाच दुकानात जात असू. एका गावात मुक्काम वाढवला की लॉजचा दर कमी करून मिळतो, गाडीभाडे वाचते आणि माणसांशी ओळख होते. कमी खर्चाच्या प्रवासाचे सर्वात मोठे सूत्र हेच आहे, असे मी अनुभवाने सांगते. ज्यांच्या मनात भूतान आहे, त्यांनी मात्र आधी हिशेब करावा. तेथे भारतीय प्रौढ पर्यटकाला राहण्या-जेवणाखेरीज दर रात्री माणशी 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. देश सुंदर आहे आणि शुल्कामागचा हेतूही योग्य आहे, परंतु चार प्रौढ माणसांचे कुटुंब पाच रात्री राहिले तर ही एकच रक्कम 24,000 रुपये होते.

श्रीलंकेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अजिंठा ज्यांच्या घराजवळ आहे त्यांच्यासाठी तो देश विशेष महत्त्वाचा आहे. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील मानली जातात. त्याच शतकाच्या अखेरीस श्रीलंकेत कश्यप राजाने सिगिरियाच्या प्रचंड खडकावर आपली राजधानी वसवली आणि खडकाच्या कुशीत रंगवलेल्या स्त्रियांची चित्रे आजही तेथे दिसतात. गोल लोखंडी जिन्याने वर जाऊन ती चित्रे पाहताना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील चेहरे डोळ्यांपुढे उभे राहतात. आमच्या मुलांना दरवर्षी शाळेच्या सहलीतून अजिंठा दाखवतात. त्या चित्रांचा समुद्रापलीकडे असा आप्त आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सिगिरियाचे प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्यांसाठी डॉलरमध्ये आणि जास्त आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो, म्हणून तो मुक्कामाच्या खोलीत ठेवून जाऊ नये. ज्यांना तेवढाही खर्च नको असेल, त्यांनी समोरच्या पिदुरंगला या खडकावर चढावे. तेथील शुल्क थोडे आहे आणि संपूर्ण सिगिरिया एका नजरेत दिसते.

त्या देशात रेल्वेने फिरणे अतिशय स्वस्त आहे. कोलंबोहून कँडीला आम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गेलो. डब्यात डाळीचे वडे विकणारा आला आणि त्याने वडे ज्या कागदात बांधून दिले, तो एखाद्या विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीचा कागद होता. भागाकाराची उदाहरणे होती, शिक्षकाने लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या होत्या आणि एका उदाहरणाजवळ बाकी चुकल्याचे गोल करून दाखवले होते. समोर बसलेल्या बाई शिक्षिकाच निघाल्या. आम्हाला सिंहली येत नव्हते, त्यांचे इंग्रजी मोजके होते, तरी कँडी येईपर्यंत वर्गातील पटसंख्या, पोषण आहार आणि पालकांच्या तक्रारी या विषयांवर आमचे बोलणे चालू राहिले. वातानुकूलित मोटारीतून गेलो असतो तर ही भेट झाली नसती.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एका प्रवेशासाठी शासकीय शुल्क 25 डॉलर आहे आणि ऑगस्ट 2023 पासून त्याची मुदत 90 दिवसांपर्यंत करण्यात आली आहे. अर्ज शासकीय संकेतस्थळावरच करावा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असल्याची खात्री करावी, कारण सरकारी असल्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात. होई आन या जुन्या बंदरापासून जवळच ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी प्राचीन चंपा राज्यातील शिवमंदिरांचा समूह आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथील मंदिरांचे जतनकार्य केले आणि 2020 मध्ये त्या कामात नवव्या शतकातील एकसंध शिवलिंग मिळाले. औंढा, परळी आणि वेरूळ येथील ज्योतिर्लिंगांना लहानपणापासून जाणाऱ्या आम्हा बायकांना तेथे परके वाटले नाही. शेजारच्या कंबोडियातील अंकोरची मंदिरे पाहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की एका दिवसाचे तिकीट 37 डॉलर आणि तीन दिवसांचे 62 डॉलर आहे, शिवाय ते तीन दिवस सलग वापरण्याची सक्ती नाही. सावकाश पाहणाऱ्यालाच ते स्वस्त पडते.

विमानाच्या बाबतीत आपल्याकडे सवयीने मुंबईचा विचार होतो. परंतु नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या भागाला हैदराबाद कितीतरी जवळ आहे आणि बँकॉक, कोलंबोसारख्या ठिकाणी तेथून थेट विमाने आहेत. उदगीरहून रेल्वेने हैदराबाद गाठले की मुंबईतील एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचतो. स्वस्त विमानकंपन्यांच्या भाड्यात सहसा फक्त 7 किलोपर्यंतची हातातील पिशवी धरलेली असते, बाकीच्या सामानाचे पैसे वेगळे लागतात आणि विमानतळावर ते आणखी वाढतात. आम्ही प्रत्येकीने एकच पाठपिशवी नेली. त्यात चार कपडे, औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची पूड होती. गरम पाण्यात येसर कालवून भातावर घेतले की शाकाहारी माणसाची एक वेळ कोठेही भागते. प्रवास विमा मात्र काटकसरीत बसवू नये आणि रक्तदाब, मधुमेह असल्यास अर्जात तसे लिहावे, नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो.

पैशांविषयी दोन गोष्टी प्रत्येकाने जाणून घ्याव्यात. परदेशात कार्ड वापरल्यास अनेक बँका व्यवहाराच्या रकमेवर साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लावतात आणि दुकानातील यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारल्यास स्थानिक चलनच निवडावे, अन्यथा दुकानाच्या बाजूने लावलेला महाग दर भरावा लागतो. दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच सरकारसाठी गोळा करायच्या आयकराची. परदेशी सहलीचे पॅकेज विकताना कंपनीला ग्राहकाकडून टीसीएस वसूल करावा लागतो. आयकर विवरणपत्र भरणाऱ्याला ही रक्कम देय करात वळती करता येते किंवा परत मिळते. परंतु ज्यांचे उत्पन्न मुख्यतः शेतीचे आहे आणि ज्यांनी कधी विवरणपत्र भरलेले नाही, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना हे पैसे आपले आहेत याचीच कल्पना नसते. आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाने एका सहल कंपनीमार्फत हप्त्यांवर परदेशवारी केली. परत आल्यावर सोयाबीनचा भाव पडला, तरी हप्ते चालूच राहिले, आणि टीसीएस परत मागता येतो हे त्यांना कोणीही सांगितले नाही. अशा कुटुंबाने कर्ज काढून सात देश धावत पाहण्यापेक्षा साठवलेल्या पैशांतून एकच देश निवांत पाहिला असता तर त्यांना अधिक आनंद मिळाला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पासपोर्टची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2017 पासून टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आहेत. प्रौढाच्या 36 पानी पासपोर्टचे साधे शुल्क 1500 रुपये असून 60 वर्षांवरील अर्जदाराला नव्या अर्जावर 10 टक्के सवलत आहे. खरी अडचण आमच्या भागातील स्त्रियांच्या नावांची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचे, आधारवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे, बँकेत आणखी वेगळे, अशा स्थितीत अर्ज अडकतो आणि मग ‘तुम्ही राहू द्या, आम्ही जाऊन येतो’ असे घरातील पुरुष म्हणतात. प्रवासाचे नक्की नसले तरी कागदपत्रांवरील नाव एकसारखे करून घेण्याचे काम प्रत्येक स्त्रीने आजच हाती घ्यावे. दहावी न झालेल्या वयस्क स्त्रियांना पासपोर्टवरील ‘ईसीआर’ शिक्क्याची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी एमिग्रेशनची (देशाबाहेर जाण्याची) तपासणी आवश्यक असल्याच्या नोंदीची, भीती घातली जाते. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती अट लागूच होत नाही.

ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातून परदेश प्रवासाची भाषा करणे काहींना अस्थानी वाटेल. ही भावना मी समजू शकते. परंतु पंढरीची वारी, काशीयात्रा, हजसाठी आयुष्यभर साठवलेली पुंजी या सर्वांतून आमच्या गरिबांतील गरीब माणसाने प्रवासाला नेहमीच जगण्यात जागा दिली आहे. कष्टाच्या माणसाने जग पाहू नये, ते फक्त शहरातील संपन्न लोकांनी पाहावे, हे मला मान्य नाही. आमच्या दिरांनी नेपाळच्या डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि बांधावर घेतलेली कडधान्ये ज्या बारकाईने पाहिली आणि तेथील शेतकऱ्याला पाण्याच्या पाळीविषयी जे प्रश्न विचारले, तसे मला सुचलेही नसते.

म्हणून आपणास विनंती आहे की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी मराठवाड्यातून साध्या खर्चात करता येणाऱ्या परदेश प्रवासाची माहिती छापावी. त्यात व्हिसाचे त्या वेळचे शासकीय नियम व शुल्क, जवळचे रेल्वेस्थानक आणि विमानतळ, दोन माणसांचा प्रत्यक्ष झालेला खर्च आणि जाऊन आलेल्या वाचकांचे अनुभव असावेत. नियम वारंवार बदलतात, त्यामुळे माहिती कोणत्या तारखेची आहे हेही सोबत द्यावे. याचा पहिला लेख श्रावणातच आला तर फार उपयोग होईल. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गोरखपूरला जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांना आणि शेतकऱ्यांना पोळ्याच्या सुमारास तिकिटे काढावी लागतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
उदगीर, जि. लातूर